शेरा : खाली

ग्रंथपालाच्या तोंडी सगळ्यात जास्त येणारा शब्द कोणता, असं कुणी मला विचारलं तर मी सांगेन, 'नाही'. ते पुस्तक नाही, बाहेर गेलंय. पहिला भाग नाही, दुसरा आहे. आज वीज नाही, त्यामुळे पंखाही नाही. रायपूरच्या एका जुन्या मराठी वाचनालयात छत्तीस वर्षं मी हा शब्द वापरला. त्यातला एक 'नाही' साफ चुकीचा होता. संपादकांनी या अंकासाठी माझ्याकडे नोकरीतल्या गमतीजमती मागितल्या आहेत. एखाददुसरी देतोही, पण मला खरं तर त्या चुकीबद्दल लिहायचं आहे.

वाचनालय तात्यापाऱ्यात आहे. आमच्याकडे पारा म्हणजे वस्ती. बाहेर भांड्यांची दुकानं, स्कूटरींचे हॉर्न, आणि आत शिरलं की एकदम थंडावा. उंच छत, भिंतीभर सागवानी कपाटं, मधोमध लांबलचक टेबल आणि दिवाणखान्याच्या टोकाला विटांचं व्यासपीठ, वर जाड फळ्या ठोकलेलं. गणपतीतली नाटकं, हळदीकुंकू, व्याख्यानं सगळं त्याच्यावर. इंग्रजांच्या काळात विदर्भातून कारकुनीसाठी आलेल्या मूठभर माणसांनी ही इमारत उभारली. स्वतः भाड्याच्या खोल्यांत राहत होती ती माणसं, पण पुस्तकांना त्यांनी आधी स्वतःचं घर बांधून दिलं. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी त्या कपाटांकडे बघतच राहिलो, आणि खरं सांगायचं तर निवृत्त होईपर्यंत ते बघणं काही संपलं नाही.

माझं शिक्षण हिंदी माध्यमात झालं. घर ब्राह्मणपाऱ्यात, घरातली मराठी 'मले-तुले'ची. छापील मराठी मी पहिल्यांदा या वाचनालयातच पाहिली, आणि आपली भाषा एवढी मोठी आहे हे बघून घाबरलो होतो. नोकरीला लागलो तो पंतांच्या जागी. पंत म्हणजे आधीचे ग्रंथपाल. मूळचे पुण्याकडचे, शुद्ध बोलणारे, शुद्ध लिहिणारे. ते अचानक गेले आणि पंधरा दिवसांनी मला किल्ल्यांचा जुडगा मिळाला. काम समजावून सांगायला कुणीच नव्हतं.

कामाची गंमत अशी की त्याचा सगळा आधार एका जाडजूड वहीवर असतो. तिला दाखल वही म्हणतात. पुस्तक आलं की त्याला एक क्रमांक मिळतो, तो जन्मभर बदलत नाही. मग नाव, लेखक, कपाट, फळी आणि शेवटी एक रकाना, 'शेरा'. पुस्तकाचं जे काही बरंवाईट झालं ते त्या शेऱ्यात. हरवले. जीर्ण. बाद. माणसांच्या कुंडल्या असतात तशी ही पुस्तकांची. पंतांचं अक्षर असं, की ती वही उघडली की मी आपोआप ताठ बसायचो.

वाचक मात्र वहीत मावणारे नव्हते. एक निवृत्त ओव्हरसियर होते, ते नऊ वर्षं एका कादंबरीचा दुसराच भाग पुन्हा पुन्हा नेत. पहिला भाग मिळाला तेव्हा मी आनंदाने त्यांच्या घरी निरोप धाडला. आले, उलटापालटा केला आणि परत ठेवला. म्हणाले, सुरुवात मी मनाने ठरवलेली आहे, ती आता बिघडवायची नाही. एक बाई पुस्तक हातात तोलून घेत. दुपारचं हवंय, फार जड नको, छातीवर ठेवून झोप लागते. मी त्यांच्यासाठी खरोखरच हलकी पुस्तकं वेगळी काढून ठेवू लागलो होतो.

कौसल्याबाई मेश्राम मात्र या वाचकांपैकी नव्हत्या. त्या सभासदही नव्हत्या. माझ्या नोकरीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी पहिल्यांदा आल्या, बीरगांवहून, दोन टेम्पो बदलून. तेव्हा चाळिशीच्या असतील. चप्पल दाराबाहेर काढून आत आल्या आणि बराच वेळ कपाटांकडे बघत उभ्या राहिल्या. अंगणवाडीत काम करत होत्या, वाचायला-लिहायला छान येत होतं. म्हणाल्या, माझे वडील रेल्वेत होते, मी चार वर्षांची असताना वारले. त्यांचा फोटो नाही, काही नाही. पण आई सांगते की त्यांनी एकदा काहीतरी लिहिलं होतं आणि ते या वाचनालयाच्या हाताने लिहिलेल्या अंकात आलं होतं.

हस्तलिखित वार्षिक म्हणजे काय ते नव्या वाचकांना सांगायला हवं. छापखाना परवडत नसे, तेव्हा लोक आपापले लेख आणून देत. सुंदर अक्षराचा एक माणूस ते सगळे एकाच अंकात उतरवून काढी, दुसरा चित्रं रंगवी, मग ते शिवायचं. प्रत एकच. अशी आमच्याकडे पंधरा-सोळा वार्षिकं होती, दाखल वहीत त्यांचे क्रमांक होते. मी क्रमांक काढले, कपाट उघडलं. फळी मोकळी. वहीत शेरा पाहिला. पंतांच्या मोत्यासारख्या अक्षरात एकच शब्द, 'खाली'.

"नाही बाई," मी म्हणालो. "खाली आहे. जागा खाली झाली."

त्यांनी मान हलवली. आमच्याकडे टेबलावर एक मागणी वही असते, वाचकाने हवं ते पुस्तक तिच्यात लिहायचं. तिच्यात त्यांनी सावकाश लिहिलं : 'हस्तलिखित वार्षिक, ज्यात सखाराम मेश्राम, रेल्वे, यांचा लेख आहे. सापडल्यास कळवावे.' खाली पत्ता, बीरगांव, पाण्याच्या टाकीमागे. त्यानंतर दर तीन-चार वर्षांनी त्या यायच्या. दरवेळी तेच लिहायच्या. दरवेळी मी तेच सांगायचो. एकदा तर म्हणाल्या, "साहेब, खालच्या फळीवर पाह्यलं का?" आणि मी हसून म्हटलं होतं, सगळं पाहिलंय. ते हसणं आठवलं की अजून माझी मान खाली जाते.

त्या वहीत 'खाली' हा शेरा दोनशेच्या वर पुस्तकांपुढे होता. जुनी प्रवासवर्णनं, बांधलेली मासिकं, पाकपुस्तकं, वैद्यक, आणि ही वार्षिकं. सगळ्यांच्या जागा मोकळ्या. मी कार्यकारिणीला कळवलं, त्यांनी हळहळ व्यक्त केली. कुणी वाळवी म्हणालं, कुणी चोरी. गावात जो तो रोज ऐकतो, सीट खाली है, कमरा खाली है. मोकळ्या फळीसमोर उभं राहून 'खाली' हा शब्द वाचल्यावर त्यात समजायचं काय राहिलं?

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी पुण्याहून रेवती नावाची मुलगी आली. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी वाचनालयांवर तिचा अभ्यास चालला होता. आठ दिवस ती दाखल वही चाळत बसली. एका दुपारी तिने मला हाक मारली आणि विचारलं, "काका, खाली म्हणजे नेमकं कुठे?"

"खाली म्हणजे खाली. रिकामं."

तिने पान माझ्याकडे वळवलं. "पण हरवलेल्याला हरवले लिहिलंय, बाद केलेल्याला बाद. आणि हा शेरा पुस्तकाचा आहे, फळीचा नाही. पुस्तक रिकामं कसं असेल?"

पंत पुण्याकडचे. पंत आयुष्यात एक हिंदी शब्द मराठीत येऊ देणारे नव्हते. त्यांनी 'खाली' लिहिलं ते मराठीत. आणि मी, मराठी वाचनालयाचा मराठी ग्रंथपाल, तो शब्द एवढी वर्षं हिंदीत वाचत बसलो होतो. आमच्या घरात मराठीतल्या 'खाली'ला 'खालतं' म्हणतात, म्हणून म्हणा, किंवा शाळा हिंदीतली म्हणून म्हणा. कारणं पुष्कळ आहेत, त्यातलं एकही मला पुरत नाही.

तळघर आहे का, असं रेवतीने विचारलं. मी सवयीने नाही म्हणालो. मग तिने दिवाणखान्याच्या टोकाकडे पाहिलं आणि विचारलं, त्या व्यासपीठाच्या पोटात काय आहे? आमचे अध्यक्ष वयाने मोठे. त्यांना फोन लावला तेव्हा त्यांना आठवलं, की ज्या वर्षी छपराची कौलं उतरवून दुरुस्ती केली त्याच वर्षी पंत गेले. पंतांनी धूळ-पाण्यापासून वाचवायला काही कपाटांतली पुस्तकं खाली उतरवली असणार, आणि परत वर चढवायला ते उरले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सुतार आला. सतरंजी गुंडाळली, सहा फळ्या काढल्या. आत कोरडा, विटांनी बांधलेला हौद होता आणि त्यात ओळीने नऊ लोखंडी ट्रंका. एकीचा तळ गंजून वाळवीने आतलं सगळं माती करून टाकलं होतं. बाकी आठ उघडल्या तशी वेखंडाचा आणि सुकलेल्या कडुलिंबाचा उग्र वास वर आला. प्रत्येक पेटीत वर पंतांच्या हातची यादी, पुस्तकं कापडात बांधलेली, गाठी सुबक. मी फरशीवरच बसलो. एवढी वर्षं ज्यांच्यावर आम्ही नाटकं केली, आरत्या म्हटल्या, माझ्या स्वतःच्या मुलीचा नाच पाहून टाळ्या वाजवल्या, ती दोनशे पुस्तकं पायांखाली निमूटपणे थांबून होती. मला भीती वाटली, आनंद झाला आणि रडूही आलं. देवळाच्या गाभाऱ्यातही मला असं कधी झालेलं नाही. मी एका पुस्तकावर तळवा ठेवून नुसता बसून होतो.

सहाव्या पेटीत वार्षिकं होती. पानं पिवळी, पण शाई काळीभोर. चौथं वार्षिक चाळताना मथळा दिसला, 'चाकाचा आवाज', आणि खाली 'सखाराम मेश्राम, रेल्वे'.

आता प्रश्न एकच होता. कौसल्याबाई आहेत का? त्या शेवटच्या येऊन पाच-सहा वर्षं झाली होती, मध्ये महामारीचा काळ गेला होता. मागणी वहीतला पत्ता मी एका चिठ्ठीवर उतरवला. कार्यकारिणीने नुकताच ठराव केला होता की सापडलेला एक कागदही इमारतीबाहेर जाऊ द्यायचा नाही. मी अध्यक्षांकडे गेलो आणि सांगितलं, हे एक वार्षिक मी नेणार, दाखवणार आणि संध्याकाळपर्यंत परत आणणार. ते हो म्हणाले.

बीरगांवात पाण्याची टाकी सापडली, मागची गल्ली सापडली. दार एका तरुण मुलीने उघडलं. मी मराठीत विचारलं, तिने हिंदीत उत्तर दिलं, "हव, दादी हैं. आइए." ती कौसल्याबाईंची नात, इस्पितळात नर्स. आत भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्यापुढे ताजी फुलं, आणि खाटेवर कौसल्याबाई. केस पूर्ण पांढरे, चष्मा जाड, पण नजर तीच. त्यांनी मला ओळखलं. ओळखल्याबरोबर त्यांचे डोळे माझ्या हातातल्या कापडाकडे गेले.

मी आधी चूक सांगितली. काही न लपवता, खाली म्हणजे रिकामं समजलो ते, पुस्तकं पायाशी होती ते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"माय गेली बारा वर्षं झाली, साहेब," त्या म्हणाल्या. "ती नेहमी विचारत राहायची, सापडलं का गं तुह्या बापाचं? मी सांगत राह्यली, खाली हाये म्हन्ते."

क्षमा मागितली, ती त्यांनी ना घेतली ना नाकारली. मी कापड सोडून वार्षिक त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि वाचून दाखवू का विचारलं. त्यांनी हाताने थांबवलं. बोट ओळीवर ठेवून त्या स्वतः वाचू लागल्या, मोठ्याने, अंगणवाडीतल्या बाईच्या स्पष्ट आवाजात.

सखाराम मेश्राम रेल्वेत चाकं ठोकणारे होते. गाडी फलाटावर थांबली की हातोडी घेऊन प्रत्येक चाकावर एक ठोका द्यायचा आणि ऐकायचं. धड चाक घंटेसारखं लांब वाजतं, तडा गेलेलं 'थक्क' करून थांबतं. दोनच पानांचा लेख, साधी वाक्यं. शेकडो माणसं डब्यात झोपलेली असतात, त्यांना ठाऊकही नसतं की त्यांचा जीव माझ्या कानावर आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. आणि शेवटी असं : 'माझी मुलगी दोन वर्षांची आहे. जेवताना ती थाळीवर चमचा मारते आणि मला विचारते, बाबा, चांगली? मी म्हणतो, चांगली. मग ती घरातल्या प्रत्येक भांड्याला विचारून येते.'

कौसल्याबाई थांबल्या. ज्या वडिलांचा चेहराही त्यांना आठवत नव्हता, त्यांच्या शब्दांत त्या स्वतःलाच सापडल्या. त्यांनी ते वाक्य पुन्हा वाचलं, यावेळी आवाज न करता. नात दारात उभी होती, ती हळूच येऊन खाटेच्या कडेला टेकली. छत्तीस वर्षं मी पुस्तकं दिली-घेतली, पण एका पुस्तकाने एवढं मोठं काम केलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

मग त्यांनी पानं उलटत शेवटचं पान काढलं. ते मी घाईत पाहिलंच नव्हतं. तिथे एक तक्ता होता, 'सभासदांच्या घरी अंक फिरविण्याचा क्रम'. एकच प्रत असल्याने ती घरोघर फिरायची. वर नियम लिहिला होता, प्रत्येक घरी तीन दिवस ठेवावा, वाचून सही करावी, पुढच्या घरी द्यावा. अठरा घरं होती. ब्राह्मणपारा, तात्यापारा, शेवटी स्टेशनमास्तरांचा बंगला. प्रत्येकापुढे सही आणि 'वाचले'. सातव्या क्रमांकावर माझ्या आजोबांची सही होती.

"यात आमचं घर कोणतं?" कौसल्याबाईंनी विचारलं.

मी तक्ता वरून तळापर्यंत दोनदा पाहिला. रेल्वेची वसाहत गावापासून दूर पडायची, असं सांगायला माझी जीभ उचलली होती. पण स्टेशनमास्तरांचा बंगला त्याच वसाहतीत होता, आणि तिथे अंक पोहोचला होता. लेख त्यांचा घेतला होता, घर घेतलं नव्हतं. त्या काळी कोणाचं घर घेत नसत आणि काहून घेत नसत, हे तिथे बसलेल्या तिघांनाही माहीत होतं.

"नाही," मी म्हणालो. हा 'नाही' खरा होता, आणि उच्चारायला सगळ्यात जड.

"म्हंजे बाबानं हे पाह्यलंच नाही."

"नसावं."

त्यांनी अंक मिटला आणि तो मला दिला नाही. दोन्ही हात वर ठेवून म्हणाल्या, "तीन दिवस लिहिलं हाये ना वरतं. मग तीन दिवस."

माझ्या डोक्यात ठराव होता, अध्यक्षांना दिलेला शब्द होता, जगातली एकुलती एक प्रत होती. गल्लीत पत्र्याची छपरं, चुलीचा धूर, कारखान्यांची काजळी. ग्रंथपाल म्हणून मी जे काही शिकलो होतो ते सगळं मला सांगत होतं, अंक उचल आणि निघ. मी माझ्या खिशातलं पेन काढून त्यांच्या शेजारी ठेवलं आणि निघालो.

ते तीन दिवस मी काही खाल्लं असेल तर ते मला आठवत नाही. अध्यक्षांना खरं सांगितलं. ते चिडले, मग म्हणाले, पावसाचं लक्षण तर नाही ना. चौथ्या दिवशी सकाळीच मी बीरगांवला गेलो. अंक धुतलेल्या पांढऱ्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून ठेवला होता, एका पानालाही सुरकुती नव्हती. कौसल्याबाई देवळाच्या प्रसादासारखा तो दोन्ही हातांनी मला देत म्हणाल्या, "शेवटचं पान पाहून घ्या. चुकलं असन तर सांगा."

तक्त्यात अठराच्या पुढे पट्टीने आखून एक ओळ वाढवली होती. क्रमांक एकोणीस. घर : सखाराम मेश्राम, चाकं ठोकणारे. सहीच्या रकान्यात, अंगणवाडीच्या फळ्यावरच्या गोल अक्षरात, त्यांनी लिहिलं होतं : 'मुलीने वाचले.'